हिरडी गुलाबी, पट्टी निगेटिव्ह, पॉकेट ८ मिलिमीटर

औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, दंततपासणीचे शिबिर, एक खुर्ची, दोन डॉक्टर आणि ६० कामगार. प्रत्येक दाताच्या सहा जागी प्रोब (मिलिमीटरच्या खुणांची बारीक बोथट सळई) घालून दात आणि हिरडी यांमधल्या फटीची, म्हणजे पॉकेटची, खोली नोंदवायची तर एका माणसाला निदान २० मिनिटे लागतात. म्हणजे नुसत्या प्रोबिंगलाच २० तास. म्हणून आधी हिरडीरोग हुडकणारी लाळेची पट्टी लावायची, पॉझिटिव्ह येतील त्यांनाच खुर्चीवर घ्यायचे आणि बाकीच्यांना ब्रशिंगचे पत्रक देऊन कामावर सोडायचे, असे ठरते. कागदावर ही योजना चांगली दिसते. ती कुठे फसते ते दोन कामगारांच्या उदाहरणातून पाहू. दोन्ही रुग्ण शिकवण्यासाठी रचलेले आहेत. त्यांचे आकडे अशा रुग्णांत खुर्चीवर दिसतात त्या पट्ट्यातलेच ठेवले आहेत.

पहिला 'क': वय ४७, लेथवर काम, २४ वर्षांपासून रोज १५ सिगारेटी, म्हणजे १८ पॅक-वर्षे. मधुमेह नाही, एचबीए१सी ५.८. तक्रार एवढीच की तोंडाला वास येतो. दुसरा 'ख': वय ४४, त्याच खात्यातला. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' यापुढे 'नाही'. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसते, ही तक्रार.

पट्टीचा निकाल असा आला: 'क' १३ नॅनोग्रॅम प्रति मिली, निगेटिव्ह. 'ख' ४६, पॉझिटिव्ह. मर्यादा २०. 'ख'ला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली आणि 'क' पत्रक घेऊन मशीनवर परतला.

पट्टी काय मोजते

या पट्ट्या एमएमपी-८ हे विकर मोजतात, तेही त्याचे सक्रिय रूप. हिरडीत जंतूंशी लढायला आलेल्या न्यूट्रोफिल पेशी ते सोडतात आणि दाताला हाडाशी बांधणारे कोलॅजन ते कापते. सूज जितकी सक्रिय, तितके हे विकर हिरडीच्या फटीतल्या द्रवातून लाळेत उतरते. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात तिमो सोर्सा यांच्या गटाने यावर अनेक वर्षे काम केले आणि त्यातूनच खुर्चीशेजारी पाच मिनिटांत वाचता येणारी पट्टी आली.

पट्टी लावण्याची रीत साधी आहे, पण गाळण्यासारखी एकही पायरी नाही. साध्या पाण्याने ३० सेकंद चूळ भरून थुंकायचे. एक मिनिट थांबायचे. मग ५ मिली शुद्ध पाणी ३० सेकंद तोंडात खळखळवून कपात सोडायचे, सिरिंजमध्ये ओढून फिल्टरमधून गाळायचे आणि पट्टीवर तीन-चार थेंब टाकायचे. पाच मिनिटांनी वाचायचे. अर्ध्या तासाने पाहिलेली फिकट रेघ धरायची नाही. गर्दीत सगळ्यात आधी गळते ते मधले एक मिनिट. पहिल्या चुळीने फटींतला जुना द्रव धुऊन जातो, नवा उतरायला तेवढा वेळ लागतो. तो दिला नाही तर आकडा कारण नसताना खाली येतो.

आणखी एक नियम: पट्टी आधी, प्रोब नंतर. प्रोबने रक्त आले की त्यासोबत न्यूट्रोफिल आणि रक्तद्रवातली प्रथिने चुळीत मिसळतात आणि निरोगी माणूसही पॉझिटिव्ह दिसू शकतो. उगवती अक्कलदाढ दुखत असेल, तोंड आले असेल किंवा नुकताच दात काढला असेल, तर त्या दिवशी पट्टी लावूच नये.

प्रोबने काय सांगितले

'क' दोन आठवड्यांनी स्वतःहून ओपीडीत आला, वासासाठीच. हिरडी पाहून कुणीही फसावे: फिकट गुलाबी, घट्ट, कडा जाड आणि गोलसर, लाली नाही, सूज नाही. दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळे डाग. यूएनसी-१५ प्रोब, साधारण २५ ग्रॅम दाब, २७ दात, १६२ जागा. रक्त आले २३ जागी, म्हणजे १४ टक्के. निरोगी हिरडीची मर्यादा १० टक्के आहे, त्यामुळे हा आकडा पाहून 'किरकोळ दाह' असे लिहून मोकळे होणारे बरेच असतात.

पण ६ मिमी किंवा अधिक खोलीच्या १९ जागा निघाल्या. सर्वांत खोल ८ मिमी, वरच्या दोन्ही पहिल्या दाढांच्या टाळूकडच्या बाजूला. त्याच दाढांच्या मुळांच्या दुभंगात प्रोब आडवा आत जातो, दुसरी श्रेणी. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ६ आणि ७. धूम्रपान करणाऱ्याचे नुकसान वरच्या जबड्यात आणि टाळूच्या बाजूला जास्त सापडते. म्हणून वेळ कमी असेल तर निदान तिथे तरी प्रोब घालावाच. क्ष-किरणात सर्वांत वाईट दाताचे हाड मुळाच्या ५० टक्के उतरलेले. हाडाच्या या घटीला वयाने भागायचे: ५० भागिले ४७ म्हणजे १.०६, एकच्या वर गेले की ग्रेड सी, म्हणजे सर्वांत वेगाने वाढणारा रोग. रोज १० किंवा जास्त सिगारेटी हा निकषही एकटाच ग्रेड सीला पुरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणानुसार निदान: स्टेज ३ (चारपैकी तिसरी पातळी), ग्रेड सी, सार्वत्रिक.

'ख'चे चित्र उलटे. २८ दात, १६८ जागा, रक्त ९७ जागी, म्हणजे ५८ टक्के. हिरडी लाल, फुगलेली, बोट लावले तरी रक्त. मात्र सर्वांत खोल पॉकेट ५ मिमी आणि हाड २० टक्के उतरलेले. स्टेज २, ग्रेड बी. स्केलिंग आणि नीट ब्रशिंग एवढ्यावर यातला बहुतेक भाग आटोक्यात येण्यासारखा.

म्हणजे पट्टीने 'ख'बद्दल खोटे सांगितले नाही. तिने रांग उलटी लावली. ज्याचे दात जाण्याच्या वाटेवर आहेत तो मशीनवर गेला आणि ज्याला अजून वेळ आहे त्याला तारीख मिळाली.

आधी साध्या चुका शोधल्या

मोठ्या कारणाकडे वळण्याआधी साधी कारणे निकालात काढावी लागतात. 'क'ला विचारल्यावर कळले की वासासाठी तो मेडिकलमधून आणलेले क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश शिबिराच्या दहा दिवस आधीपासून दिवसातून दोनदा वापरत होता. क्लोरहेक्सिडिन जंतू मारते एवढेच लोक धरून चालतात, पण ते एमएमपी-८चे कामही दाबते. डॉक्सिसायक्लिनही तेच करते. २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हा त्याचा कमी डोस हिरडीरोगात याच गुणासाठी दिला जातो. त्यामुळे मागच्या काही आठवड्यांत यांपैकी काही घेतले असेल तर निगेटिव्ह पट्टीला अर्थ उरत नाही. (डागही सगळे सिगारेटचे नव्हते, थोडे या माउथवॉशचे होते.)

माउथवॉश बंद करून दोन आठवड्यांनी, सकाळी, सिगारेट न ओढता, सगळ्या पायऱ्या घड्याळ लावून पुन्हा पट्टी लावली. आकडा १७. वर आला, पण अजूनही २०च्या खालीच. माउथवॉशने काही भाग खाल्ला होता, सगळा नव्हे.

लाळ प्रयोगशाळेत पाठवताना

मग दोघांची लाळ सविस्तर तपासायला घेतली. इथे चुका जास्त होतात, म्हणून रीत तपशिलाने.

वेळ सकाळी ८ ते १०. आधी किमान एक तास खाणे नाही, चहा नाही, ब्रश नाही, सिगारेट-तंबाखू नाही. रात्रपाळी करून आलेल्याला त्या दिवशी बोलवू नये. झोपेत लाळ कमी होते आणि पाळीप्रमाणे तिचे घड्याळ सरकते. पाण्याने चूळ भरून दहा मिनिटे बसवायचे, नाहीतर तेच पाणी नमुन्यात येते. मग मान किंचित पुढे झुकवून, ओठ उघडे ठेवून लाळ आपोआप नळीत गळू द्यायची. खाकरायचे नाही, जीभ चोळायची नाही, च्युइंग गम द्यायचे नाही. चावून आलेली लाळ पातळ असते. कापसाचा बोळा टाळावा, काही प्रथिने त्यातच अडकून राहतात.

पाच मिनिटे मोजून घ्यायची. नळी आधी रिकामी तोलून ठेवली तर फेसाची भानगड उरत नाही. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. 'क'ची १.६ ग्रॅम भरली, म्हणजे मिनिटाला ०.३२ मिली. 'ख'ची २.१, म्हणजे ०.४२. दोन्ही सामान्य. मिनिटाला ०.१ मिलीच्या खाली असती तर लाळ घट्ट होऊन प्रत्येक घटकाचा आकडा फुगला असता, म्हणून अहवालात प्रवाहाचा वेग लिहिलेला नसेल तर नुसत्या सांद्रतेवर फार विश्वास टाकू नये.

नळी बर्फात. तासाभरात ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, १०,००० जी, १० मिनिटे. इथे ठरलेली चूक म्हणजे 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ) आणि 'आरपीएम' (मिनिटाला किती फेऱ्या) एकच समजणे. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या साध्या मशीनवर ३,००० आरपीएम म्हणजे जेमतेम १,५०० जी. तेवढ्याने लाळेतला चिकट म्यूसिन नीट बसत नाही, पिपेटच्या टोकाला तार येते आणि एकाच नमुन्याच्या, चाचणीच्या ताटलीतल्या दोन विहिरींचे (लहान खड्ड्यांचे) आकडे जुळत नाहीत. वरचा स्वच्छ द्रव लहान लहान भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवायचा. एकच मोठी नळी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की विकरे मोडतात. गुलाबी झाक दिसली तर नमुना टाकून द्यावा. रक्ताची भेसळ डोळ्यांना दिसत नसली तरी ट्रान्सफेरिन हे रक्तातले प्रथिन मोजून ती पकडता येते.

एलायझात (प्रथिनांचे प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत) लाळ पातळ करावीच लागते, एमएमपी-८साठी अनेकदा १०० पट. सर्वांत वरच्या मानकाच्या (प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या नमुन्याच्या) पुढे गेलेला आकडा रेघ ताणून काढायचा नाही, नमुना आणखी पातळ करून पुन्हा चालवायचा. दोन विहिरींत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तरी तेच.

अहवाल आला तेव्हा नवा गोंधळ झाला. 'क'ची एमएमपी-८ ३१० नॅनोग्रॅम प्रति मिली. 'मर्यादा २०, म्हणजे पंधरा पट!' असे कुणीतरी लगेच म्हणाले. ते चूक आहे. पट्टी पाण्याने पातळ झालेल्या चुळीतले सक्रिय रूप मोजते. हा एलायझा शुद्ध लाळेतले एकूण एमएमपी-८ मोजतो, झोपलेले आणि जागे दोन्ही. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे लिटर आणि किलोची वजाबाकी. तुलना करायची तर त्याच किटवर दोघांची: 'ख'ची ७४०. ज्याचे सर्वांत खोल पॉकेट तीन मिलिमीटरने कमी, त्याचीच एमएमपी-८ दुपटीहून जास्त.

आकडा खाली का राहतो

सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत एमएमपी-८ कमी सापडल्याचे अभ्यास १९९०च्या दशकाअखेरीपासून आहेत. फिनलंडमधल्याच कोत्का शहरातल्या पौगंडावस्थेतल्या मुलांवरचा २०१०चा अभ्यासही तेच सांगतो: ओढणाऱ्यांत एमएमपी-८ आणि न्यूट्रोफिलचे इलास्टेज हे विकर खाली. सगळ्याच अभ्यासांत फरक सारखा निघत नाही, हेही खरे. पण दिशा वैद्यकीय चित्राशी जुळते. ओढणाऱ्याच्या हिरडीत रक्तवाहिन्यांचे जाळे विरळ असते, फटीतला द्रव कमी पाझरतो, न्यूट्रोफिलचे वागणे बदललेले असते. ज्या वाटेने एमएमपी-८ लाळेत यायची तीच वाट अरुंद होते. आत हाड झिजतच राहते. रक्त न येणे आणि पट्टी निगेटिव्ह येणे या दोन वेगळ्या साक्षी वाटतात, पण दोघींच्या तोंडावर हात एकाचाच आहे.

म्हणून एमएमपी-८ एकटी मोजू नये. फिनलंडमधल्याच संशोधकांनी २०११मध्ये एमएमपी-८, आयएल-१ बीटा (दाह वाढवणारे प्रथिन) आणि पी. जिंजिव्हालिस हा जंतू, या तिघांना पायऱ्या देऊन एकत्रित धोका-अंक मांडला तो याच विचाराने: एक साक्षीदार गप्प राहिला तर दुसरा बोलेल. 'क'च्या लाळेत पी. जिंजिव्हालिसचा भार 'ख'पेक्षा स्पष्ट जास्त होता. जंतू मोजताना हिरडीला रक्त पुरवावे लागत नाही, त्यामुळे धूम्रपान हा आकडा तसा झाकत नाही. दुसरा उपयोगी घटक ऑस्टिओप्रोटेजेरिन, हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणारे प्रथिन. ओढणाऱ्यांत ते कमी असते, त्यामुळे आरएएनकेएलशी (त्याच पेशींना चालना देणाऱ्या प्रथिनाशी) त्याचे गुणोत्तर हाडाच्या झिजेकडे झुकते. ऑस्टिओप्रोटेजेरिनचे लघुरूप ओपीजी. दंतवैद्याला ओपीजी म्हटले की जबड्याचा क्ष-किरणच आठवतो, तेव्हा मागणीपत्रावर पूर्ण नाव लिहावे. नाहीतर लाळेऐवजी फिल्म येते.

मग ओढणाऱ्यांसाठी मर्यादा २०वरून १२वर आणली तर? 'क' सापडेल, पण सोबत किरकोळ दाह असलेले पुष्कळ ओढणारेही सापडतील आणि रांग परत तेवढीच होईल. ओढणाऱ्यांसाठी वेगळी, सर्वांनी मान्य केलेली मर्यादा नाही. त्यामुळे स्वतःच्या शिबिरापुरता आकडा खाली ओढण्यापेक्षा सरळ नियम बरा: रोज १० किंवा जास्त ओढणाऱ्याला पट्टी लावून सोडायचे नाही, थेट प्रोबकडे. पट्टी निगेटिव्ह आली तरी.

'नाही' म्हणजे काय

'ख'च्या अहवालात एक धक्का होता. कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनचे होणारे रूप, १८० नॅनोग्रॅम प्रति मिली. 'क'चे २४०. न ओढणाऱ्याचे साधारण १०-१५च्या खाली असते. कोटिनिन निम्मे व्हायला १६ ते २० तास लागतात, त्यामुळे तीन-चार दिवसांतली तंबाखू ते पकडते.

'ख' खोटे बोलला नव्हता. तो सिगारेट ओढत नाही. खालच्या डाव्या ओठामागे चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार भरतो, दिवसातून सहा-सात वेळा. ओठ खाली ओढून पाहिले तर तिथे पांढरट, सुरकुतलेला पट्टा आणि त्याच जागी सुळा व शेजारच्या दाढेची हिरडी २ मिमी उतरलेली. फॉर्मवर प्रश्नच फक्त धूम्रपानाचा होता.

महाराष्ट्रात ही चूक परवडणारी नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे निघाले, पण त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४. म्हणजे इथे 'ओढतो / ओढत नाही' असे दोन गट पाडले की दुसऱ्या गटात बार भरणारे, गुटखा खाणारे आणि मिश्रीने दात घासणाऱ्या बायका भरपूर येतात. मिश्री तर कित्येकींच्या हिशेबात तंबाखू नसतेच, दंतमंजन असते. 'तंबाखू खाता का?' याला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. 'दात कशाने घासता?' असे विचारावे लागते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्रही यातले काही पकडत नाही, ते फक्त धूर ओळखते.

पुढे काय केले

'ख'चे स्केलिंग दोन भेटींत झाले. पांढऱ्या पट्ट्याची नोंद आणि छायाचित्र ठेवले. बार बंद करून दोन-तीन आठवड्यांत तो गेला नाही तर बायोप्सी, असे ठरले.

'क'मध्ये सिगारेट सोडणे आधी ठेवले. २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६. सोडल्यापासून पाचव्या आठवड्यात तो तक्रार घेऊन आला: 'सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आधी कधी येत नव्हतं.' मोजले तर ४४ जागी रक्त, १४वरून २७ टक्के. दातांवरचा थर मात्र पूर्वीइतकाच. हे अपेक्षितच असते. सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत रक्तस्राव वाढतो, कारण झाकलेला दाह उघडा पडतो. पण हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर रुग्णाचा हिशेब सरळ असतो: ओढत होतो तेव्हा बरे होते. आणि तो पुन्हा टपरीवर जातो.

या आठवड्यांत पट्टी लावली नाही. जुना आकडा ओढतानाचा, नवा सोडल्यानंतरचा. वाढ दिसली तर ती रोगाची की सोडल्याची, ते कळले नसते. कोटिनिनही उपयोगाचे नाही, गममधल्या निकोटिनमुळे ते वरच राहते. सोडल्याची खात्री कार्बन मोनॉक्साइडवरच करावी लागते. ते १० पीपीएमच्या खूप खाली होते.

मग भूल देऊन दोन बैठकांत खोल स्केलिंग आणि मुळांची सफाई. बारा आठवड्यांनी ६ मिमी आणि वरच्या जागा १९वरून ८, रक्तस्राव १७ टक्के. उरलेल्या आठांपैकी पाच जागा त्याच दोन वरच्या दाढांच्या दुभंगाभोवती. त्या शस्त्रक्रियेच्या यादीत गेल्या. त्या दिवशीचा पट्टीचा आकडा, १५, फाइलवर 'सोडल्यानंतरचा पहिला' असे लिहून नोंदवला. पुढच्या दर तीन महिन्यांचे आकडे आता याच्याशी ताडायचे, शिबिरातल्या १३शी नाही.

शिबिराचा फॉर्मही बदलला. 'धूम्रपान करता का?' काढून चार ओळी आल्या: रोज किती बिड्या-सिगारेटी; तंबाखू, गुटखा किंवा मावा तोंडात कुठे ठेवता; दात कशाने घासता; गेल्या महिन्यात माउथवॉश किंवा अँटिबायोटिक घेतले का. पहिल्या ओळीत १० किंवा जास्त आकडा असेल तर पट्टी उघडायच्या आधीच प्रोबची खूण.